ताईकडचा वकील

माझी बायको लोकांच्या घरी जाऊन पोपट तपासते. हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करतात हो वहिनी?" माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. जळलेल्या पंपाची नाहीतर पंख्याची मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, वर वार्निश द्यायचं. त्याला कुणी हसत नाही. हिच्या कामाला हसतात आणि माझं डोकं फिरतं. गल्लीत तिला पोपटबाई म्हणतात. एखाद्याची फजिती झाली की लोक 'त्याचा पोपट झाला' म्हणतात, तेही तिला खपत नाही. "पोपटाने काय घोडं मारलंय तुमचं?" असं ती चारचौघांत विचारते, आणि मला दुसरीकडे बघावं लागतं.

पाळलेल्या पक्ष्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी ती हे करते. कुणाच्या घरातून तक्रार आली की जायचं. संस्थेकडचा सोडवलेला पोपट कुणाला हवा असला तरी आधी त्याचं घर बघायला जायचं. तिची पद्धत अशी की घरात शिरल्यावर ती पोपटाकडे बघतच नाही. पिंजऱ्याकडे पाठ करून बसते आणि घरच्यांशी पाण्याच्या टंचाईवर नाहीतर भाडेवाढीवर गप्पा मारते. लोकांना वाटतं, बाई कामचुकार आहे. खरी गोष्ट अशी की परक्या माणसाने रोखून बघितलं की पोपट आजारी असला तरी ताठ बसतो. दुखणं दिसलं की कुणीतरी येऊन खाईल, हे त्याच्या रक्तात असतं. म्हणून ही समोरच्या काचेत, बंद टीव्हीत, कपाटाच्या आरशात बघत राहते. थोड्या वेळाने पोपटाला वाटतं, ही बाई आपल्यासाठी आलेली नाही. मग तो सैल पडतो, आणि त्याचं खरं काय ते दिसतं.

मग ती उठते आणि कामाला लागते. पिंजऱ्याखालचा कागद बघते. बसायच्या काठ्या सगळ्या एकाच जाडीच्या असतील तर मालकाला सुनावते, कारण त्याने तळव्यांना फोड येतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेऊन पोपटाचं वजन करते. एका बंगल्यातले साहेब तिला कौतुकाने सांगत होते की आमचा राजा दिवसभर डोलतो, गाण्याची फार आवड आहे त्याला. ही म्हणाली, "तो नाचत नाहीये हो. एकटा पडून पडून डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही त्याचं." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बॅग धरून मी मागे उभा होतो, हसू दाबता दाबता नाकी नऊ आले.

अशी ही डोळ्यांत तेल घालून लोकांची घरं बघणारी बाई. तिला फसवायचं तर ते काम परक्याच्याने झालंच नसतं.

वकील आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या छातीवर एक पीस नव्हतं. राखाडी पोपटाची ती मोठी जात, लाल शेपटीची. पांढरा चेहरा, करडा कोट आणि मान तिरकी करून उलटतपासणी घेणारी नजर. कोटाच्या आत सदरा घालायला विसरलेला वकील म्हणून मीच ते नाव ठेवलं. आधीच्या मालकाने त्याला जिन्याखाली ठेवला होता आणि कंटाळून त्याने स्वतःचीच पिसं मुळापासून उपटून काढली होती. बायकोने त्याच्यासाठी काय केलं नाही! हाताने भरवलं, चोथा करायला पुठ्ठे आणून दिले, तासन् तास नुसती शेजारी बसून राहिली. मग एक दिवस तो मान खाली घालून तिच्या बोटाजवळ आला, खाजव म्हणून. त्याने दुसऱ्या कुणापुढे मान वाकवली नाही. माझ्यापुढे तर नाहीच, माझं बोट त्याने दोनदा फोडलं.

पण माझा आवाज मात्र उचलला. दुकान पुढच्या खोलीत, घर मागे. मी गिऱ्हाइकासमोर बसून आत हाक मारतो, "अगं, ऐकतेस का?" हीच हाक तो हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्याच ओढून बोलण्यासकट मारायला लागला. ही ओल्या हाताने बाहेर यायची, "काय?" मी म्हणायचो, मी कुठे बोलावलं? मग आत वकील पुन्हा, "अगं, ऐकतेस का?" तेव्हा घरात फार हसणं असायचं.

त्याला ठेवून घेता आलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण वार्निश आडवं आलं. आमच्या घरात त्याचा वास भिंतींना लागलेला, आणि पक्ष्याच्या फुप्फुसाला तो वास म्हणजे विष. काही महिने मी वार्निशचं काम परसात केलं, पण वाऱ्यापुढे कुणाचं चालतं? वकील शिंकायला लागला. तेव्हा बायकोने त्याला ताईकडे द्यायचं ठरवलं.

ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. बायको लहान असताना त्यांची आई गेली. तिला न्हाऊ घातलं ते ताईने, शाळेत बोट धरून नेलं ते ताईने, आमच्या लग्नात माझ्याकडे बघून "बरा आहे" म्हणाली तीही ताईच. ताईचे यजमान गेल्यापासून ती दोन खोल्यांत एकटी राहत होती. बायकोला वाटलं, इकडे हा एकटा, तिकडे ती एकटी, दोघांचंही भलं होईल. तिने विचारलं, ताई हो म्हणाली. ताई तिला नाही कधी म्हणालीच नव्हती.

या कामात एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. पोपट नव्या घरी दिला की ज्याने त्याला सांभाळलं त्याने पुढे बराच काळ त्याच्यासमोर जायचं नाही. जुनं माणूस दिसलं आणि पुन्हा निघून गेलं की पक्षी खचतो, परत पिसं उपटायला लागतो. शिवाय नात्यातलं घर आपण तपासायचं नाही, ते संस्थेतल्या दुसऱ्या बाईने तपासायचं. बायकोने दोन्ही नियम ताईला नीट समजावून सांगितले आणि स्वतः काटेकोर पाळले.

तरी तिला राहवेना. दर रविवारी आम्ही ताईकडे जायला लागलो. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा असायचा, आम्ही बाहेर बसायचो. आतून शीळ यायची, दाणे फोडल्याचा आवाज यायचा. पडदा वाऱ्याने हलला की फटीतून करडी पाठ आणि लाल शेपूट दिसायची. ही ताईचा हात दाबायची आणि कुजबुजायची, "बघ, शीळ घालतोय. माझ्याकडे कधी घातली नव्हती." ताई मान हलवायची.

"ती हाक मारतो का अजून?" मी एकदा विचारलं.

"नाही हो भाऊजी. विसरला."

मला जरा वाईट वाटलं. बायको मात्र खूश झाली. जुनं घर विसरला म्हणजे नव्या घरात रुजला, असा तिने अर्थ लावला.

मग एका रविवारी ताईने फोनवर फोटो दाखवला. छाती पिसांनी भरलेली! बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुळापासून गेलेलं पीस पुन्हा येत नाही, हे ती लोकांना सांगते. नवीन येणाऱ्या बायांना हेच शिकवते. पण फोटो ताईने दाखवला होता ना! ती म्हणाली, "ताई, तुझ्या हाताला गुण आहे गं. मला वाढवलंस, तसं यालाही उभं केलंस." संस्थेतली दुसरी बाई तपासणी करून आली, तीही म्हणाली, पक्षी ठणठणीत आहे, छाती भरली आहे. मग तर काय, ही जाईल तिथे वकिलाची गोष्ट सांगायला लागली. हात टेकलेल्या माणसांना ती सांगायची, माझ्या बहिणीकडे बघा, माया असली की पिसंसुद्धा परत येतात.

"ताई, आता समोर जाऊ का मी त्याच्या?" ती विचारायची.

"अजून नको गं. परवाच पुन्हा एक पीस ओढलं त्याने."

ही लगेच मागे सरायची. नियम तिचाच होता.

मग एका फर्निचर पॉलिशच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा संस्थेत फोन आला. खाली एक उघडावाघडा पोपट ठेवलाय, म्हणाली, दिवसभर कण्हल्यासारखा आवाज करतो, बघवत नाही. आम्ही स्कूटरवरून गेलो. लांबट गाळा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, पलंग, कपाटांची दारं. स्पिरिट आणि लाखेचा वास इतका, की वार्निशमध्ये जन्म काढणाऱ्या मलाही खोकला आला. पॉलिशवाला साधा माणूस होता, अंगावर डागांचा अंगरखा. "या, या, बघा ना, मी त्याला मिरची पण देतो," म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण पोपट चांगला सांभाळलाय.

बायको रीतीप्रमाणे पाठ करून बसली. समोर पॉलिशला आलेला आरशाचा टेबल होता. त्यात तिने बघितलं आणि ती बोलता बोलता थांबली. मीही आरशात बघितलं. गंजक्या पिंजऱ्यात एक करडा पोपट, छाती उघडी, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होतेय. बसायच्या काठीवरून तो गजांपर्यंत सरकत आला होता. तिच्या पाठीकडे बघत त्याने मान खाली घातली आणि तसाच थांबला.

ती वळली, गजांतून बोट घातलं. वकिलाने डोळे मिटून घेतले.

"हा तुम्हाला कुणी दिला?" तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एका बाईंनी. त्यांचं कपाट पॉलिश करायला गेलो होतो. एकट्याच असतात. म्हणाल्या, नेतोस का, फार ओरडतो. झालं की आता वर्षभर." त्याने इमारतीचं वर्णन केलं, मजला सांगितला. नाही सांगितला असता तरी चाललं असतं.

तो बिचारा म्हणाला, "घेऊन जा बाई, तुमचाच दिसतोय. माझ्यापुढे कधी मान खाली घालत नाही." पिंजरा मांडीवर घेऊन ती स्कूटरवर मागे बसली. मला वाटलं घरी जायचं. ती म्हणाली, "ताईकडे घ्या."

ताईने दार उघडलं आणि पिंजरा बघून तिथेच थिजली. बायको तिच्या बाजूने सरळ आत गेली, पडदा ओढून बाजूला केला. आत खिडकीशी दुसरा राखाडी पोपट होता. तरुण, गुबगुबीत, छातीवर भरगच्च पिसं. परकी बाई बघून तो अंग चोरून उभा राहिला.

"हा कोण?"

"तू बस तरी आधी."

"ताई, हा कोण?"

"दुकानातून आणला," ताई म्हणाली.

"मी माझ्या घरात वार्निश आहे म्हणून काळजावर दगड ठेवून हा तुला दिला. आणि तू पॉलिशवाल्याला दिलास?"

"मला कुठे गं तेवढं कळतं वासाबिसाचं. माणूस चांगला वाटला."

"का दिलास?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"ते कुठेही जाणार नाहीत. बोल."

ताई खुर्चीवर बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तो भाऊजींच्या आवाजात हाक मारायचा. अगं, ऐकतेस का. दिवसभर. पहिल्या दिवशी तर मी आले, आले म्हणत हात पुसत बाहेरही आले. बाहेर कोण? पोपट. या घरातली हाक बंद झाली, त्याची सवय करून घ्यायला मला किती दिवस लागले, तुला माहीत नाही. आणि मग हा आला. पुरुषाचा आवाज, बायकोला हाक, आणि ती हाक माझी नाही. मी कानात कापूस घालून झोपायचे."

मी जमिनीकडे बघत होतो. आवाज माझा होता.

"मग मला सांगायचं होतंस," बायको म्हणाली. "एका शब्दाने सांगायचं. मी येऊन घेऊन गेले असते."

"तेच तर. घेऊन गेली असतीस, आणि मग तूही आली नसतीस." ताईचा आवाज आता चढला. "तो यायच्या आधी किती वेळा आलीस गं तू? हे गेल्यावर तेरा दिवस आलीस, मग तुझं काम, तुझे पोपट, कुणाकुणाचे पोपट. हा घरात आला आणि दर रविवारी दार वाजायला लागलं. पिंजरा रिकामा दिसला असता तर कशाला आली असतीस तू?"

ताई खोटं बोलत नव्हती, हे मलाही माहीत होतं. पण म्हणून माझा राग गेला असं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकटेपणाचं दुःख समजलं मला. पण बायको दर रविवारी पडद्याकडे बघून डोळे पुसायची आणि ही बाई शेजारी बसून ते बघायची, वर स्वतःचा हात तिच्या हातात द्यायची, हे कसं समजून घ्यायचं?

"माझे नियम तुला मीच शिकवले ताई," बायको अगदी हळू म्हणाली. "आणि तू तेच माझ्या डोळ्यांवर बांधलेस. मी गावभर तुझं नाव घेत फिरले. तोवर हा तिथे विष हुंगत होता." तिने पिंजरा उचलला. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी भांडले असते. तू केसाने गळा कापलास माझा."

ताई जिन्यापर्यंत आली. बायकोने मागे बघितलं नाही.

वकील आता आमच्याकडे आहे. वार्निशचं काम मी एका मित्राच्या शेडमध्ये हलवलं, रोज मोटारी लादून नेतो आणतो, पाठ मोडून येते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं होती तशी होणार नाहीत. थोडा चालला की त्याची शेपूट अजून हलायला लागते. तो बोलत काही नाही. मधूनच पॉलिश पेपर लाकडावर घासल्याचा आवाज काढतो, खर्र, खर्र, अगदी हुबेहूब. तो आवाज आला की बायको हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसते. माझ्या आवाजातली हाक त्याने परत मारलेली नाही.

संस्थेचा पक्षी परस्पर दिला म्हणून त्या घराची पुन्हा तपासणी करणं भाग होतं. नवा पोपट कसा ठेवलाय तेही बघायचं होतं. संस्थेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, नात्यातलं घर आहे, दुसरी कुणी जाईल. ही म्हणाली, "नात्यातलं नाही. मीच जाते."

मी बॅग घेऊन बरोबर गेलो. ताईने घर लख्ख आवरून ठेवलं होतं आणि ठेवणीतली साडी नेसली होती. बायको पिंजऱ्याकडे पाठ करून बसली, एकही शब्द न बोलता. मग उठून तिने कागद बघितला, काठ्या बघितल्या, वजन केलं. सगळं उत्तम होतं. तो पोरटा ताईच्या खांद्यावर चढून तिचा कान कुरतडत होता आणि ताई त्याला हळूच दटावत होती. त्याला ती किती जपत होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मला वाटतं, तेच बायकोला सोसलं नाही.

"पक्षी चांगला आहे," ती म्हणाली. "पिंजरा खिडकीपासून थोडा आत घ्या. दुपारचं ऊन थेट येऊ देऊ नका."

घ्या. येऊ देऊ नका. ज्या ताईशी ती जन्मभर अगं-तुगं करत आली, तिच्याशी ती अहो-जाहो बोलत होती. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिने विचारलं, "चहा ठेवू?"

"तपासणीला गेलं की आम्ही कुणाकडे काही घेत नाही."

हे धादांत खोटं होतं. ती सगळ्यांकडे चहा घेते, मागून घेते, साखर कमी पडली तर सांगते. ताईला हे माहीत नव्हतं आणि मी तोंड उघडलं नाही.

दारात ताईने तिची बाही धरली. "पुन्हा कधी येशील?"

"आम्ही न सांगता येतो," बायकोने बाही सोडवून घेतली. "कधीही येऊ शकतो."

परवा बाजारात ताईची शेजारीण भेटली. म्हणाली, तुमच्या मेव्हणीला सांगा जरा, दिवसभर दार सताड उघडं टाकून बसतात, कोण कधी येईल नेम नाही म्हणतात. आम्ही बाहेर जायला बोलावलं तरी येत नाहीत. रविवारी तर जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उठून दारात येतात.

मी बरं म्हणालो. त्या घराच्या पुढच्या सगळ्या तपासण्या बायकोने केव्हाच दुसऱ्या बाईकडे सोपवल्या आहेत. ताईला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.